‘द सन’चा वाचक भोळा म्हणण्याआधी लिव्हरपूलला जाऊन ये

तुझा प्रश्न असा: ब्रिटनच्या ‘द सन’ या खपाऊ टॅब्लॉइड वर्तमानपत्रावर असाइनमेंट आहे. हायपोडर्मिक नीडल, यूजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स आणि स्टुअर्ट हॉलची एन्कोडिंग-डीकोडिंग अशा माध्यमांच्या परिणामांबद्दलच्या तीन थिअऱ्या लावायच्यात. ‘सनचा वाचक कमी शिकलेला, छापलं ते खरं मानणारा’ अशी सुरुवात केली तर चालेल का? वीस वर्षं मास मीडिया शिकवलंय, वयानेही मोठी आहे, म्हणून एकेरीत बोलते. ते वाक्य आधी काढून टाक. ते खरं नाही, आणि त्याच्यावर उभं केलेलं पुढचं सगळं डळमळेल.

2006 साली मी काही महिने लिव्हरपूलला होते. वर्गात दाखवायला म्हणून एका पेपरवाल्याकडे सन मागितला. हातातला गठ्ठा तसाच धरून दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, “आम्ही ठेवत नाही. शहरात नवीन दिसता.” दाराच्या काचेवर लॉटरीच्या जाहिरातीशेजारी ‘सन घेऊ नका’ असा स्टिकर होता, उन्हाने कडा वळलेला. घटनेला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

15 एप्रिल 1989. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपची सेमीफायनल होती. चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे प्रेक्षक दगावले. आज तो आकडा 97 आहे. चार दिवसांनी सनने पहिल्या पानावर दोनच शब्दांचा अवाढव्य मथळा दिला: ‘द ट्रुथ’. खाली तीन ओळी, तिन्हींची सुरुवात ‘काही चाहत्यांनी’. मृतांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली, तोंडाने श्वास देणाऱ्या शिपायाला मारलं. हे पान समोर ठेव आणि एकच गोष्ट शोध: हे बोलतंय कोण? आरोप इतर काही पेपरांतही आले होते. पण सनच्या मथळ्यात ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ असं काही नाही. आरोप करणाराच गायब केला की उरतं ते ‘सत्य’. हॉलच्या भाषेत एन्कोडिंग, म्हणजे मजकुरात हवा तो अर्थ भरणं, म्हणतात ते हेच, आणि असाइनमेंटमध्ये यावर दीड पान तरी खर्च कर.

पुढे काय झालं? त्या शहरातली माणसं मैदानावर होती, किंवा त्यांचा भाऊ, शेजारी होता. लोकांनी पेपर जाळले, घेणं बंद केलं, आणि मर्सीसाइडमध्ये, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या भागात, तो बहिष्कार आजही आहे. सनने पहिल्या पानावर माफी मागितली ती 2012 मध्ये, ते आरोप खोटे ठरवणारा स्वतंत्र पॅनेलचा अहवाल आल्यावर. इंजेक्शन टोचलं की परिणाम झालाच, हे मानणारी हायपोडर्मिक थिअरी इथे एका ओळीत निकालात निघते.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. हॉलच्या मते वाचक मजकूर तीन प्रकारे घेतो: जसाच्या तसा मानतो, थोडा मानतो थोडा नाही, किंवा धुडकावतो. बहिष्काराला ते यातलं तिसरं, ‘ऑपोझिशनल रीडिंग’, म्हणून मोकळे होतात. ज्याने पान वाचलं, त्याला काय सुचवायचंय ते ओळखलं आणि धुडकावलं, त्याचं ते ऑपोझिशनल रीडिंग. पुढची तीस वर्षं ज्याने पेपर हातातच धरला नाही, तो हॉलच्या तिन्ही खणांच्या बाहेर आहे. हे नोंदवलंस तर तू विचार केलायस हे दिसेल.

यूजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स, म्हणजे वाचक स्वतःच्या गरजेसाठी माध्यम निवडतो ही थिअरी, थोडक्यात उरक: मागच्या पानावरचा फुटबॉल, बिंगो, ‘डिअर डीड्री’चं सल्ल्याचं सदर, साडेनऊ पौंडांच्या सुट्टीची कुपन्स. त्यासाठी पेपर घेणारे बरेच होते. 1992 च्या निवडणुकीत सन हिरिरीने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षामागे उभा होता आणि निकालानंतर ‘आम्हीच जिंकून दिलं’ अशा अर्थाचा मथळा त्याने छापला. तरी मोरी या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीनुसार त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त वाचकांनी विरोधी लेबर पक्षाला मत दिलं होतं.

आता उलट टोकाला जाऊन ‘वाचक सगळं पारखून घेतो’ असंही लिहू नकोस. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुरावा नेमका याच्या विरोधात जातो, आणि तोही लिव्हरपूलचाच आहे. फूस आणि बिशॉफ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी जुन्या सर्वेक्षणांवरून मर्सीसाइडची इतर भागांशी तुलना केली. तो शोधनिबंध 2022 मध्ये छापून आला. बहिष्कारानंतर तिथला युरोपविरोध घटला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हिल्सबरोचा युरोपशी काही संबंध नाही. पण 1990 मध्ये युरोपियन कमिशनचे अध्यक्ष डेलोर यांना पहिल्या पानावर शिवी हासडणारा, वर्षानुवर्षं ब्रुसेल्सच्या, म्हणजे तिथून चालणाऱ्या युरोपीय कारभाराच्या नावाने बोटं मोडणारा पेपर तिथल्या घरांत येणंच थांबलं होतं.

म्हणजे जे डोळ्यांनी पाहिलंय त्याबद्दल माणूस पेपरला खोटं ठरवतो. ब्रुसेल्स कोणी पाहिलेलं नसतं, तिथे रोजचा थेंब थेंब झिरपतो. याला गर्बनरची कल्टिव्हेशन थिअरी जास्त जवळची आहे: माध्यम रोज रोज दाखवतं तेच जग हळूहळू खरं वाटू लागतं. एक थिअरी बदलायची परवानगी सरांकडून मिळाली तर हायपोडर्मिकच्या जागी ती घे. मात्र गर्बनरने ती टीव्हीसाठी मांडली होती आणि हॉलचा 1973 चा निबंधही टीव्हीवरचाच आहे. वर्तमानपत्र आपण निवडून, पैसे मोजून घेतो आणि नको झालं की बंद करतो. त्यामुळे या थिअऱ्या पेपरला लावताना कुठे ताणाव्या लागतात, ते शेवटच्या भागात तुझ्या शब्दांत लिही.