पावसानंतर मियाटाच्या सीटमागचा गालिचा ओला का होतो?
छप्पर बदलायची घाई करू नका. मियाटा म्हणजेच माझदा एमएक्स-५, ही उघडणाऱ्या कापडी छपराची गाडी; तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत बहुधा निचऱ्याच्या नळ्या तुंबलेल्या असतात. कापडी छपरावरचं पाणी मागच्या पन्हाळीत उतरून सीटबेल्टच्या खांबांजवळच्या भोकांतून मागच्या चाकांपुढे, गाडीखाली पडतं. पानं-माती अडकली की ते आत उलटतं आणि दाराखालच्या पट्ट्या आतून गंजतात. ती दुरुस्ती फार महाग पडते. छप्पर अर्धं उघडून दोन्ही भोकांत गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलकेच सरकवा, मग कपभर पाणी ओता. खाली धार दिसलीच पाहिजे. दाबाची हवा मारू नका, नळी निसटते. मागची काच प्लास्टिकची असेल तर छप्पर खाली दुमडण्याआधी तिची चेन उघडा. कडाक्याच्या थंडीत तर घडी घालूच नका, तडकते.