‘विसरणे’चा ‘सरणे’शी काही संबंध नाही

प्रश्न दोन आहेत. मानसशास्त्रावर मराठीत लिहिताना ‘स्मृती’ म्हणावं की ‘आठवण’? आणि ‘विसरणे’ म्हणजे ‘वि + सरणे’, मनातून सरून जाणे, असं प्रश्नकर्त्याच्या वाचनात आलं, ते खरं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. स्मृती ही क्षमता, आठवण हा तिच्यातून वर येणारा एकेक ऐवज. म्हणून ‘दीर्घकालीन स्मृती’, पण ‘शाळेची आठवण’. धर्मग्रंथांतली स्मृती सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडतो.

पण स्मृतीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलायलाच हवी. कालचं बोलणं आठवलं नाही की माणसं सर्रास म्हणतात, ‘माझी शॉर्ट टर्म मेमरी गेली.’ शिकलेली माणसं म्हणतात, वर्तमानपत्रं छापतात. कालचं बोलणं अल्पकालीन स्मृतीत नसतंच! ती काही सेकंदांची असते. मानसशास्त्रज्ञ पीटरसन दांपत्याने 1959 साली लोकांना तीन व्यंजनं दिली आणि उजळणी करता येऊ नये म्हणून लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. अठरा सेकंदांत बहुतेकांची व्यंजनं गेली. अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांच्या 1968 च्या स्मृतीच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) अल्पकालीन साठा म्हणतात तो हाच. पुढे 1974 मध्ये बॅडली आणि हिच यांनी त्याच्या जागी ‘कार्यकारी स्मृती’ मांडली, म्हणजे नुसतं धरून ठेवणं नव्हे, धरलेल्यावर काम करणं. कालचं, सकाळचं, अगदी दहा मिनिटांपूर्वीचंही दीर्घकालीन स्मृतीच्या हद्दीत येतं. हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर 1953 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवे प्रसंग त्यांच्या मनात टिकेनासे झाले. तरी सांगितलेले आकडे लगेच म्हणून दाखवायला त्यांना अडचण नव्हती. म्हणजे अल्पकालीन स्मृती शाबूत होती, गेलं होतं ते दुसरंच काही. आणि लोक नेमकी अशा अवस्थेलाच ‘शॉर्ट टर्म मेमरी लॉस’ म्हणतात. हे थांबायला हवं.

आता ‘विसरणे’. ‘वि + सरणे’ ही फोड दिसायला सरळ आहे आणि पूर्ण चुकीची आहे. ‘सरणे’चा संस्कृत धातू सृ, आणि संस्कृतात वि + सृ म्हणजे पसरणे, फैलावणे. विस्मरणाचा तिथे मागमूस नाही. मराठीतलं ‘पसरणे’ प्र + सृ मधून आलं, त्यात ‘सर’ खरोखर सृचा आहे. ‘विसरणे’ आलं ‘विस्मरति’पासून. प्राकृतात ‘स्म’चा ‘स्स’ झाला, मग एक स गळून आधीचा स्वर लांबला: वीसरइ. ‘रश्मि’चं ‘रस्सि’ होऊन आपली रस्सी झाली, तिथेही ‘म’ हे अनुनासिक असंच शेजारच्या व्यंजनात जिरलं आहे. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने बाराव्या शतकात विस्मृ धातूचे प्राकृत पर्याय दिले, त्यांत ‘वीसर’ स्पष्ट लिहिलेला आहे. एवढा पुरावा समोर असताना ‘सरून जाणे’ शिकवत राहणं हा निव्वळ आळस आहे.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढे आहे. ‘स्मरण’, ‘स्मृती’ हे आपण संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द. घरच्या बोलण्यात आपण ‘आठवतं’ म्हणतो. स्मृ धातू प्राकृतातून झिजत झिजत रोजच्या मराठीच्या जिभेवर आला तो ‘विसरणे’त. लक्षात ठेवण्याचा धातू आपण विसरण्याच्या शब्दात जपला!

आणि माझ्या मते आणखी एका शब्दात. हेमचंद्र साध्या स्मृचेही पर्याय देतो: झर, झूर, भर, सुमर असे बरेच. त्यातला ‘झूर’ वाचा. आपलं ‘झुरणे’ दुसरं काय आहे? काही व्युत्पत्तीकार ‘झुरणे’ ओढूनताणून ‘ज्वर’कडे नेतात, तापाने झिजावं तसं झिजणं म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. खेद आणि क्रोध या अर्थांसाठी हेमचंद्राने ‘जूर’ वेगळा नोंदवला आहे आणि स्मरणापुढे ‘झूर’ ठेवला आहे. त्याच्या कानाला हे दोन वेगळे ऐकू येत होते. शिवाय अर्थाचा धागा संस्कृतातच आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या यादीत, स्मृचा एक अर्थ ‘आध्यान’ दिला आहे आणि टीकाकार आध्यानाचा अर्थ सांगतात: उत्कंठेने केलेलं स्मरण. कामदेवाला ‘स्मर’ म्हणतात ते उगाच नाही. जवळ नसलेल्या माणसाची आठवण काढत राहणं, ती थांबवता न येणं, म्हणजेच झुरणं.

थांबवता न येणं यावरून स्मृतीवर प्रयोग करणारा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस आठवला. 1885 च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रयत्नाने आणलेली आठवण आणि आपसूक आलेली आठवण असा भेद सुरुवातीलाच केला. मराठी तो क्रियापदात करते: ‘मी आठवून पाहतो’ आणि ‘मला आठवतं’. दुसऱ्यात ‘मी’ कर्ताच नाही. एबिंगहाउसने तिसरा प्रकारही सांगितला: जाणिवेत न येताही परिणाम करत राहणारी स्मृती. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो स्वतः पाठ करायचा आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले हे मोजायचा. एका दिवसानंतर सुमारे 34 टक्के वाचत, 31 दिवसांनंतरही सुमारे 21 टक्के. यादी म्हणून दाखवता येत नसली तरी ती समूळ गेलेली नसे. ‘सरून जाणे’वाल्यांनी हे आकडेही पाहावेत. व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून नव्हे, तो वर दिलाच आहे. पण विसरलेलं सगळं सरलेलं असतं, ही त्यांची समजूतही त्यात टिकत नाही.