प्रश्न तुमचे, उत्तर आमचं

प्रश्न: आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आजोबा १९६० च्या सुमारास पेणहून इकडे इस्रायलमध्ये अश्दोदला आले. माझी मुलं हिब्रूच बोलतात, घरी मलिदा केला की विचारतात की बाकीच्या ज्यूंकडे हे नसतं मग आपल्याकडेच का? काय सांगू?

उत्तर: ताई, सरळ सांगा की हे कोकणातून आलंय! गोड पोहे, ओला नारळ, फळं, एलियाहू हनाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाने केलेलं मलिद्याचं ताट, हे आपल्या किनाऱ्यावरच घडलं. अलिबागजवळ खंडाळ्याला तो खडक आहे ना, एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्यात असं मानतात तो, लोक अजून तिथे नवस फेडायला जातात. नवगावचंही सांगा, जहाज फुटून पूर्वज तिथे लागले अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, मग तेलाचे घाणे चालवले, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आणि आडनावं बघा, पेणकर, नवगावकर, दिवेकर, अख्खा रायगडचा नकाशाच आहे तो! मला तर वाटतं मुलांना एकदा घेऊनच या, आणि तोवर मलिदा त्यांच्याच हातून कालवून घ्या, मराठीत बोलत बोलत.