जर्नल, एमपीएससी आणि कापूस वेचणी: सुरुवात कुठून करू?

चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र, थोडक्यात:

"मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली आणि प्रॅक्टिकलचं जर्नल अपूर्ण आहे. एमपीएससीचा ऑनलाइन क्लास लावला, त्याचे व्हिडिओ साचलेत. टायपिंगला जाते. मैत्रिणी भरताहेत म्हणून पोलीस भरतीचाही अर्ज भरायचाय, शिवाय एक कम्प्युटर कोर्स डोक्यात आहे. घरी कापूस वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीत. एक पुस्तक उघडलं की दुसरं काम आठवतं. मग मोबाईल हातात घेते आणि रात्र होते. आई विचारते, 'दिनभर काय करी ऱ्हायनी?' मी आळशी आहे का?"

ताई,

नाही, तू आळशी नाहीस. कॉलेज करून वेचणीला जाणाऱ्या मुलीने स्वतःला हा शब्द लावू नये.

तुझी यादी मी नीट वाचली. त्यातली निम्मी कामं म्हणजे न घेतलेले निर्णय आहेत. पोलीस भरती हवी की नको, कोर्स करायचा की नाही, हे ठरलेलंच नाही. तरी रोज सकाळी ते जर्नलच्या बरोबरीने समोर उभे राहतात. काम कितीही मोठं असलं तरी करून संपतं. न ठरलेली गोष्ट मात्र बसल्या जागी थकवते.

म्हणून आधी दोन गोष्टी या वर्षापुरत्या काढून टाक. पोलीस भरती तुला स्वतःला हवी असती, तर पत्रात मैदानी सरावाचा एक तरी शब्द आला असता. तो नाही. कोर्स परीक्षेनंतरही करता येईल. टायपिंग राहू दे, वेळ ठरलेली आहे, तिथे डोक्याला वेगळा विचार करावा लागत नाही.

आता एमपीएससी. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गातसुद्धा ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, तू अजून पंचविशीच्याही आत आहेस. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत, प्रत्येकी २५० गुणांचे, आणि वैकल्पिक विषयांच्या यादीत रसायनशास्त्र आहे. म्हणजे पुढे तोच विषय घेतलास, तर आज बीएस्सीचा जो धडा पक्का होईल तो तिथेही उपयोगी पडेल. परीक्षा होईपर्यंत साचलेले व्हिडिओ बंद ठेव. रोज वर्तमानपत्र वाच, तेवढं पुरे. क्लासवाले 'मागे पडाल' म्हणतील. म्हणू देत.

राहिलं जर्नल आणि घर.

'जर्नल पूर्ण करणे' असं यादीत लिहू नकोस, ते वाचूनच हात गळतात. उघडून बघ. एखाद्या टायट्रेशनचा निरीक्षण तक्ता भरलेला असेल, फक्त आकडेमोड आणि निष्कर्ष राहिला असेल. मग यादीत तेवढंच लिही: 'या टायट्रेशनची आकडेमोड'. उठताना पुढचं पाऊल त्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेव. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवत राहतात. पुस्तक उघडल्यावर तुला दुसरं काम आठवतं, त्यात तुझा दोष नाही. शेजारी एक कोरा कागद ठेव, जे आठवेल ते त्यावर टाक आणि पुढे चल.

वेळेचं म्हणशील, तर कापसावर दव असेपर्यंत वेचणी करत नाहीत, ओल्या कापसाला भाव मिळत नाही. ऊन चढेपर्यंतचे ते दीड-दोन तास तुझे असायला हवेत. पण त्याच वेळी पाणी भरणं, भाकरी, डबे हे सगळं तुझ्या गळ्यात पडत असेल, तर आई-वडिलांशी बोलावंच लागेल. 'मला अभ्यास आहे' असं मोघम सांगू नकोस. 'परीक्षा संपेपर्यंत सकाळी साडेसहा ते आठ मी अभ्यासावरून उठणार नाही, दुपारी वेचणीला येईन' असं तारखेसकट सांग. आपल्याकडच्या शेतकरी घरांत हंगामाची भाषा सगळ्यांना कळते. घरात भाऊ असेल तर त्या दिवसांत पाणी त्याने भरावं. यात मला काहीच वावगं वाटत नाही, तुलाही वाटू नये. त्या दीड तासात मोबाईल आईजवळ दे.

आणखी एक विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? बरेच दिवस दोन्ही बिघडलं असेल, काहीच नको वाटत असेल, तर यादीचं बाजूला ठेव आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

उद्या कॉलेजात गेलीस की आधी प्रॅक्टिकलच्या सरांना भेट. जर्नल तपासणीची शेवटची तारीख आणि किमान किती प्रयोग लागतात, ते विचार. कदाचित तुला वाटतात त्यापेक्षा कमीच राहिले असतील.