वाचकांचे प्रश्न : वाहत्या द्रावणातली प्रथिने आणि अवरक्त किरण

प्रश्न : एफटीआयआरच्या (अवरक्त शोषणाचा वर्णपट देणाऱ्या उपकरणाच्या) फ्लो सेलमधून, म्हणजे दोन खिडक्यांमधल्या अरुंद फटीतून, प्रथिनाचे पाण्यातले द्रावण सोडतो. बफरचा (प्रथिन नसलेल्या द्रावणाचा) वर्णपट वजा केला की अमाइड-१ पट्टा (प्रथिनाच्या कण्यातल्या बंधांचे शोषण) कधी वर येतो, कधी शून्याच्या खाली जातो. स्पेसर (फटीची जाडी ठरवणारी चकती) ५० मायक्रॉनचा आहे. काय चुकते?

उत्तर : आधी स्पेसर बदला. पाणी १६४५ प्रति सेंमी या तरंगसंख्येच्या (वर्णपटावरच्या जागेच्या) आसपास जोरदार शोषण करते आणि अमाइड-१ नेमका तिथेच, १६०० ते १७०० मध्ये असतो. १० मायक्रॉन पाण्याचा अॅब्सॉर्बन्स (शोषणाचे माप; तो १ ने वाढला की पोचणारा प्रकाश दहापट घटतो) तिथे सुमारे १.२ भरतो. ५० मायक्रॉनला तो ६ होतो, म्हणजे प्रकाशाचा दहा लाखावा भाग डिटेक्टरपर्यंत पोचतो. वजाबाकी होते ती निव्वळ गोंगाटाची. ६ ते १० मायक्रॉन ठेवा, खिडक्या कॅल्शियम फ्लोराइडच्या घ्या. स्पेसरवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. रिकाम्या सेलचा वर्णपट घेतला की लाटा दिसतात. लागोपाठच्या दोन शिखरांत ५०० प्रति सेंमी अंतर असेल तर फट १० मायक्रॉनची आहे.

एवढे करूनही पट्टा वरखाली होऊ शकतो, आणि खरी मेख इथे आहे. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम प्रथिनाचा अमाइड-१ या फटीत जेमतेम ०.०२ ते ०.०३ भरतो. द्रावण बफरपेक्षा घट्ट असले की पंपाचा दाब वाढतो आणि फट किंचित फुगते. ती ०.१ मायक्रॉनने फुगली तरी पाण्याचे शोषण ०.०१२ ने वाढते, म्हणजे जवळपास अर्ध्या सिग्नलइतके! म्हणून ठोके देणारा पेरिस्टाल्टिक पंप नको, सिरिंज पंप वापरा. बफर आणि नमुना दोन्ही एकाच प्रवाहाला, एकाच तापमानाला मोजा. शक्य असेल तर मोजताना प्रवाह थांबवा.

वजाबाकीचा गुणक (ज्या आकड्याने बफरचा वर्णपट गुणून वजा करायचा तो) १ धरू नका, कारण प्रथिनाने व्यापलेल्या जागेत पाणी नसते. २१२५ जवळचा पाण्याचा रुंद पट्टा नाहीसा होऊन १७५० ते १९०० चा भाग सपाट होईल असा गुणक निवडा. तिथे टोकदार रेषा उरल्या तर त्या बाष्पाच्या. कोरड्या हवेचा झोत आणखी वेळ चालू द्या. संश्लेषित पेप्टाइडमध्ये १६७३ ला शिखर दिसले तर बीटा रचना (साखळीची पत्र्यासारखी घडी) जाहीर करण्याआधी पेप्टाइड बनवताना उरलेले ट्रायफ्लुओरोअॅसिटेट तपासा, त्याचेही शिखर तिथेच येते.

५० मायक्रॉनचाच सेल वापरायचा असेल तर जड पाणी (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले) घ्या. त्याचा पट्टा १२१० कडे सरकतो. अमाइड-१ मात्र ५ ते १० प्रति सेंमीने खाली येतो, त्यामुळे साध्या पाण्यातल्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.

प्रश्न : प्रवाहात लांब रेणू एका दिशेने वळलेले याच सेलमध्ये दिसतील का?

उत्तर : तंतुमय प्रथिने किंवा लांब डीएनए असेल तर दिसतील, छोटी गोलाकार प्रथिने वळत नाहीत. तारजाळीचा ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा) प्रवाहाला समांतर आणि लंब ठेवून दोन वर्णपट घ्या आणि फरक काढा. ५ मिमी रुंद, १० मायक्रॉनच्या फटीत मिनिटाला १० मायक्रोलिटर सोडले तर भिंतीजवळ कातरण वेग (द्रवाच्या शेजारच्या थरांच्या वेगांतला फरक, जो रेणूंना वळवतो) सेकंदाला २००० होतो, मधोमध शून्य. हाती येते ती सरासरी. पंप थांबवल्यावर फरक गेलाच पाहिजे. तो टिकला तर रेणू खिडकीला चिकटले आहेत किंवा उपकरणाचा स्वतःचा ध्रुवण-कल दिसतो आहे. नुसते बफर तसेच मोजले की दोन्हींतले कोणते ते कळेल.