महाभारतातले ‘चीन’ नेमके कोण?

प्रश्न असा आला आहे: ‘चीन’ हे नाव तिकडच्या छिन घराण्यावरून पडलं म्हणतात, आणि त्या घराण्याचं साम्राज्य तर इ. स. पू. 221चं. मग महाभारतात, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘चीन’ कसा? की नाव आपणच ठेवलं?

आधी महाभारत. सभापर्वात प्राग्ज्योतिषाचा (म्हणजे आसामकडचा) राजा भगदत्त येतो तो ‘किरातैश्च चीनैश्च’ वेढलेला. मनुस्मृतीतही चीन बसलेत ते किरात, दरद, खश यांच्या पंगतीला. हा सगळा हिमालयाच्या अंगाचा गोतावळा. शब्द तोच असला तरी माणसं तीच, असं धरून चालता येत नाही.

अर्थशास्त्राचं तसं नाही. तिथे चीनभूमीतलं ‘चीनपट्ट’, म्हणजे चक्क रेशीम आहे. पण ग्रंथ कधीचा? मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती करणारे र. पं. कंगले मौर्यकाळाच्या बाजूचे. संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल तो बराच अलीकडे ओढतात. मला ऑलिव्हेल पटतात. त्याच अध्यायात ‘आलकन्दक’ पोवळं आहे, ते बहुधा अलेक्झांड्रियाचं, आणि तो व्यापार चंद्रगुप्ताच्या काळातला वाटत नाही. बरं, कंगल्यांचा काळ धरला तरी अडत नाही. साम्राज्य होण्याआधी कित्येक शतकं छिन हे चीनच्या पश्चिम टोकाचं राज्य होतंच. मध्य आशियाकडून येणाऱ्याला आधी तेच लागणार. 1907 साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला वायव्य चीनमधल्या तुनह्वांगजवळ सोग्दी (म्हणजे मध्य आशियातल्या) व्यापाऱ्यांची पत्रं सापडली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांतही देशाचं नाव ‘चीनस्तान’ या वळणाचंच आहे. म्हणून छिनची व्युत्पत्ती मला अजून तरी सर्वांत सरस वाटते. इतिहासकार जेफ वेड मात्र चीनच्या नैर्ऋत्येकडच्या येलांग राज्याकडे बोट दाखवतात.

थोडक्यात, एकट्या कोशावर हे सुटत नाही. संहितेची काळनिश्चिती, व्यापार, उत्खनन सगळं लागतं. कधीकधी फळबागसुद्धा! सातव्या शतकात आलेला (आणि महाराष्ट्रातही येऊन गेलेला) ह्युएनत्संग पंजाबातल्या ‘चीनभुक्ती’ची गोष्ट सांगतो. कनिष्काकडे ओलीस राहिलेल्या चिन्यांनी तिथे पीच आणि नासपती लावले, म्हणून पीचला नाव ‘चीनानी’ आणि नासपतीला ‘चीनराजपुत्र’. ओलिसांची कथा खरी असो नसो, पीच मूळ चीनचंच हे वनस्पतिशास्त्रालाही मान्य आहे. तोच प्रवासी आपल्या देशासाठी भारतीयांच्या तोंडी ‘महाचीन’ घालतो. हे ‘महा’ मला बोलकं वाटतं: साधे ‘चीन’ कुणी जवळचेही होते, असं त्यातून सुचतं.

नाव आपण ठेवलं का? उगम बहुधा तिकडचा, पण घडण आपली. बौद्ध ग्रंथांची भाषांतरं होताना संस्कृत ‘चीन’ चिनी लिपीत ‘चिना’ असा उतरला. जपानीत त्याचा ‘शिना’ झाला, आणि विसाव्या शतकात त्या उच्चाराला तुच्छतेचा इतका वास लागला की 1946 साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तो टाळायला सांगितलं. चिनी लोक स्वतः देशाला ‘चोंगकुओ’ म्हणतात.