लोलक पडतो तो बिट कमी म्हणून नाही

तुमचं म्हणणं असं: गाडीवरचा ३० सेंमीचा उलटा लोलक (खालच्या टोकावर तोलून उभी ठेवायची दांडी) सेकंदाला २५० किलोबिटच्या कॅन बसवरून, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या सामायिक तारेवरून, उभा ठेवताय. दर मिलिसेकंदाला कोन, गाडीची जागा आणि मोटरची कमांड अशा २-२ बाइटांच्या तीन फ्रेम (संदेश) जातात, शिवाय बॅटरीवाल्या नोडची (बसवरच्या उपकरणाची) ८ बाइटांची फ्रेम अधूनमधून येते. लोलक थरथरतो, मध्येच पडतो. म्हणून १२ ऐवजी १६ बिटांचा एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) घ्यावा का?

घेऊ नका. मी आधी तिथेच पैसे घातले होते, काडीचा फरक पडला नाही.

हिशोब करून बघा. दांडी हलकी, वजन टोकाला धरलं तर उभ्या स्थितीजवळची चूक साधारण दर ०.१२ सेकंदाला दुप्पट होते. दुप्पट झालेली अनिश्चितता परत निम्मी करायला एक बिट लागतो, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ बिट. नायर-इव्हान्स आणि टाटिकोंडा-मिटर या नियंत्रणशास्त्रातल्या संशोधकांच्या २००४ च्या निबंधांतली, लोलक सावरायला लागणाऱ्या बिटांची किमान मर्यादा ती हीच. तुम्ही नुसत्या कोनाचेच सेकंदाला १२,००० बिट पाठवताय!

खरी अडचण वेळेची आहे. २ बाइटांची फ्रेम ६३ बिटांची, स्टफिंग (कॅन मध्ये मध्ये घालतो ते जादा बिट) धरून ७५ पर्यंत. तीन फ्रेमचे झाले २२५, आणि मिलिसेकंदाला जागा २५० ची. त्यात बॅटरीची १३५ बिटांपर्यंतची फ्रेम घुसली की कोन उशिरा पोचतो किंवा बफरमध्ये पुसला जातो. तुमचा कोड मात्र कोनातला फरक ठरलेल्या १ मिलिसेकंदानेच भागतो. प्रत्यक्षात २ गेले असतील तर वेग दुप्पट दिसतो आणि मोटर दणका देते. माझ्याकडे ऑसिलोस्कोप लावला तेव्हा प्रत्येक दणक्याच्या आधी बसवर मोकळी जागाच दिसत नव्हती.

कोन, जागा आणि २ बाइटांचा टाइमस्टॅम्प (कोन मोजल्याची वेळ) एकाच फ्रेममध्ये घाला, वेग खऱ्या वेळेने भागून काढा. सॅम्पलिंग ५ मिलिसेकंदांवर आणा; या लोलकाला ते पुरतं. या फ्रेमला आणि कमांडला सगळ्यांत लहान आयडी द्या, म्हणजे बसवर त्यांना आधी वाट मिळेल. जुनं मोजमाप पुन्हा पाठवण्यापेक्षा टाकून द्या, शिळा कोन घातक असतो.

मग गेन (चुकीला मोटरने किती जोराने उत्तर द्यायचं ते आकडे) तपासा, पण छोट्या कोनापुरत्या सरळ रेषेच्या मॉडेलवर नाही. साइन असलेल्या मूळ समीकरणावर, १५ अंशांपासून, वजन २० टक्के कमी-जास्त करून आणि १० मिलिसेकंदांचा उशीर घालून. तिथे टिकला तरच टेबलावर टिकेल. त्यानंतरही संथ मागेपुढे हेलकावे उरले तर रुळाचं घर्षण बघा, नेटवर्कला दोष देऊ नका.

ब्रॉकेट आणि लिबर्झन यांचा २००० सालचा झूम होणारा क्वांटायझर (मोजमाप थोड्या बिटांत बसवताना मोजपट्टी गरजेनुसार लहान-मोठी करणारी पद्धत) वाचलात, चांगलं केलंत. पण तो उपयोगाचा पाण्याखालच्या ध्वनी-मोडेमसारख्या ठिकाणी, जिथे एकेक बिट महाग असतो. शिवाय पॅकेट हरवलं की दोन्ही टोकांची मोजपट्टी वेगळी होते, ते वेगळं सांभाळावं लागतं.

टाइमस्टॅम्पपासून सुरुवात करा, एका संध्याकाळचं काम आहे. स्कोपचा फोटो टाकलात तर पुढचं बघू.